आकाशातील वहिवाट

दोन शहरांमधील अंतर किती, हा प्रश्न शालेय भूगोलाचा आहे आणि त्याचे उत्तर एकच असले पाहिजे, अशी सर्वसाधारण समजूत असते. पृथ्वीचा आकार बदलत नाही आणि शहरे आपली जागा सोडीत नाहीत. मग अंतर बदलावे तरी कशाने? तथापि फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यामधील विमानप्रवासाचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर या समजुतीला धक्का बसल्यावाचून राहत नाही. १९८३ साली या दोन शहरांमध्ये विनाथांबा विमानसेवा सुरू झाली, तेव्हा प्रवासास सुमारे १३ तास लागत. पुढे हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला. आणि २०२२ च्या फेब्रुवारीनंतर तो पुन्हा १३ तासांचा झाला. मधल्या काळात विमाने सुधारली, इंजिने अधिक काटकसरी झाली, दिशादर्शनाची साधने पूर्वी कल्पनाही करता आली नसती इतकी अचूक झाली. प्रवासाचा काळ मात्र चाळीस वर्षे मागे गेला. हे असे का घडले, याचा विचार करू लागले की प्रश्न भूगोलाचा राहत नाही. आकाश कोणाचे, आणि त्यातून जाण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नापाशी तो येऊन ठेपतो.

प्रथम भूगोल पाहू. शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशावर हेलसिंकी आणि टोकियो ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर रेषा आग्नेयेकडे उतरत कझाकस्तान, मंगोलिया अशा प्रदेशांवरून जाते. परंतु हा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणून बसविलेली. त्याऐवजी पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो आग्नेयेकडे न जाता आरंभी ईशान्येकडे चढतो, रशियाच्या उत्तर भागात आर्क्टिक वृत्ताच्या थोडा पलीकडे पोहोचतो आणि मग सायबेरियावरून खाली उतरत जपानला येतो. टोकियो हेलसिंकीच्या जवळजवळ २५ अंश दक्षिणेस असूनही तेथे जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून जाते. यालाच बृहद्वृत्तावरील मार्ग म्हणतात. त्याची लांबी सुमारे ७,८०० किलोमीटर भरते.

ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या विमानास हे अंतर कापण्यास पावणेनऊ तास पुरावेत. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांत काही वेळ जातो. शिवाय मध्य अक्षांशांत फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहत असतात. ते पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास साहाय्य करतात आणि पश्चिमेकडे येणाऱ्यास अडवितात. हे सर्व हिशेबात धरून साडेनऊ तास होतात. पृथ्वीचा आकार, हवेची गती आणि यंत्राची शक्ती यांनी मिळून ठरविलेला हा काळ होय. त्यावर जे साडेतीन तास चढतात, ते मात्र निसर्गाने घातलेले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आपले आकाश परकीय विमानांस जवळजवळ बंदच ठेवले होते. पश्चिम युरोपातून जपानला जायचे तर एक तर मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशिया असा दक्षिणेचा लांब वळसा घ्यावा लागे. नाही तर उत्तर ध्रुवाकडील वाट धरावी लागे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजमार्गे टोकियोची सेवा सुरू केली आणि पुढील तीन दशके अँकरेज हे युरोप आणि पूर्व आशिया यांच्यामधील मोठे विश्रामस्थान बनले. १९७० मध्ये जपानच्या विमानांना मॉस्कोमार्गे पॅरिसला जाण्याची मुभा मिळाली. पण तो सरसकट खुला रस्ता नव्हता, वाटाघाटींनी मिळविलेली सवलत होती. फिनलंडची सरहद्द तर रशियाला लागून. तरीही १९८३ च्या एप्रिलमध्ये फिनएअरने टोकियोची सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवावरून, सोव्हिएत हद्द टाळून. शेजाऱ्याच्या अंगणातून जाता येत नाही म्हणून सारे गाव फेरून जावे, तसाच हा प्रकार होता.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये लयास गेला आणि सायबेरियावरील वाट मोकळी होत गेली. अँकरेजचे थांबे मागे पडले. हेलसिंकी हे युरोपच्या ईशान्य कोपऱ्यातील लहानसे शहर. पण पूर्व आशियाला जाणारी जवळची वाट त्याच्या दारावरून जात असल्यामुळे युरोपातील अनेक शहरांचे प्रवासी तेथे विमान बदलून जपान, कोरिया, चीन या देशांकडे जाऊ लागले. एका छोट्या देशाच्या विमान कंपनीने आपला सारा व्यवसाय या भौगोलिक सोयीवर उभा केला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. २७ फेब्रुवारीस युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमानांना आपल्या हद्दीत मज्जाव केला. तीस वर्षांची घडी चार दिवसांत विसकटली.

त्यानंतर हेलसिंकी–टोकियो विमानांना दोन वाटा उरल्या. एक उत्तरेची: जपानहून निघून बेरिंग सामुद्रधुनी आणि अलास्काच्या बाजूने उत्तर ध्रुव ओलांडून युरोपात उतरण्याची. दुसरी दक्षिणेची: तुर्कस्तान, कॉकेशस, कझाकस्तान आणि चीन यांच्यावरून जाण्याची. दोहोंपैकी कोणतीही धरली तरी १३ तासांच्या आसपास वेळ लागतो. ध्रुवावरून गेल्याबद्दल प्रवाशांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत कंपनीने पाडली. त्यात मौज आहे, यात शंका नाही. परंतु त्या प्रमाणपत्राची किंमत कोणीतरी भरतच असतो. लांबलेल्या प्रत्येक तासास कित्येक टन इंधन अधिक जळते. ते आरंभापासून वाहून न्यावे लागत असल्यामुळे माल आणि प्रवासी कमी घ्यावे लागतात. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असल्याने जादा माणसे लागतात. एक विमान आठवड्यात जितक्या फेऱ्या करू शके, तितक्या करू शकत नाही. हा सारा बोजा शेवटी तिकिटावर आणि मालाच्या भाड्यावर पडतो. आणि जळलेल्या जादा इंधनाचा धूर ज्यांनी जन्मात विमानात पाऊल ठेवले नाही त्यांच्याही वाट्याला येतो. दुसरीकडे चिनी कंपन्यांची विमाने सायबेरियावरून सरळ युरोपला जात राहिली. म्हणजे एकाच दोन टोकांमधील अंतर प्रवाशाच्या तिकिटावर कोणत्या देशाच्या कंपनीचे नाव आहे, यावर ठरू लागले.

मालकी एकाची, वाट सर्वांची

या साऱ्याचे मूळ १९४४ मध्ये आहे. त्या वर्षी ७ डिसेंबर रोजी शिकागो येथे ५२ राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारनाम्यावर सह्या केल्या. त्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. सहाव्या कलमाने नियमित विमानसेवेस परवानगीवाचून परक्या हद्दीतून जाता येणार नाही, असे ठरविले. दोन महायुद्धांत आकाशातून बाँब पडताना पाहिलेल्या पिढीने असा निर्णय घ्यावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु समुद्राच्या कायद्याशी तुलना केली म्हणजे यातील उणीव ध्यानात येते. किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांच्या पट्ट्यावर किनारी राष्ट्राचे सार्वभौमत्व असले, तरी परक्या जहाजास कोणासही अपाय न करता त्यातून पुढे जाण्याचा हक्क असतो. त्याच पाण्यावरच्या आकाशातून जाणाऱ्या विमानास मात्र असा हक्क नाही. जहाज ज्या वाटेने जाऊ शकते, त्या वाटेवरून विमानास जाण्यासाठी परवाना लागतो.

शिकागोच्या परिषदेसही ही अडचण दिसत होती. म्हणूनच तेथे आणखी एक पूरक करार झाला. न थांबता वरून उडत जाणे आणि केवळ इंधन अथवा दुरुस्तीसाठी उतरणे, या दोन मोकळिका त्यावर सही करणाऱ्या राष्ट्रांनी एकमेकांस दिल्या. भारत आणि पाकिस्तान हे दोघेही त्यात आहेत. मात्र भूपृष्ठाचा फार मोठा भाग व्यापणारी रशिया आणि चीन ही राष्ट्रे या करारात नाहीत. सोव्हिएत संघ तर शिकागोच्या परिषदेस गेलाच नव्हता. मूळ करारनाम्यात तो आला १९७० मध्ये. त्या करारनाम्याचे पंधरावे कलम सांगते की, केवळ वरून जाऊ दिल्याबद्दल कोणत्याही राष्ट्राने पैसा आकारू नये. विमानास मार्गदर्शन केल्याचे शुल्क घेणे वेगळे. तरीही सायबेरियावरून जाऊ देण्याच्या मोबदल्यात रशिया युरोपीय कंपन्यांकडून वर्षानुवर्षे रकमा घेत राहिला आणि युरोपीय संघाच्या हरकती कागदावर राहिल्या.

महाराष्ट्रातील कोणत्याही तहसील कचेरीत काम केलेल्या माणसास या प्रश्नाचे स्वरूप नवे वाटणार नाही. ज्याचे शेत रस्त्याला लागून नाही, त्याने आपली बैलगाडी आपल्या शेतात न्यायची कशी, हा तंटा आपल्याकडे शेतीइतकाच जुना आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या १४३ व्या कलमाने दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट मिळण्याबाबतचा दावा चौकशी करून निकालात काढण्याचा अधिकार तहसीलदारास दिला आहे. शेत ज्याचे त्याचेच राहते. त्याच्या सातबाऱ्याला धक्का लागत नाही. परंतु 'माझी जमीन, माझी मर्जी' एवढे म्हणून शेजाऱ्याची वाट काट्या टाकून अडविता येत नाही. आणि अडविलीच, तर दाद मागायला जागा असते. मालकी आणि वहिवाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान खेड्यातील अशिक्षित शेतकऱ्यासही आहे. आकाशाच्या कायद्यात मालकीचे कलम पहिले आहे; वहिवाटीचे कलम ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे; आणि तहसीलदार तर जवळजवळ नाहीच.

उपखंडाचा अनुभव

हा विषय दूरच्या थंड देशांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आकाशातील वाट अडविण्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच उपखंडातील आहे आणि त्यात वाट अडविणारा भारत होता. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे विमान श्रीनगरहून जम्मूस जात असता लाहोरला पळवून नेण्यात आले आणि तेथे जाळण्यात आले. भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांस आपल्या हद्दीवरून जाण्यास बंदी केली. कराची आणि ढाका ही तेव्हा एकाच राष्ट्राची दोन शहरे होती. त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे २,३०० किलोमीटर. बंदीनंतर पाकिस्तानी विमानांना अरबी समुद्रावरून दक्षिणेस उतरून, श्रीलंकेला वळसा घालून, बंगालच्या उपसागरावरून वर चढावे लागले. हे अंतर जवळजवळ दुप्पट भरले. एकाच देशाच्या दोन भागांना जोडणारा दोरा किती बारीक होता, ते त्या काही आठवड्यांत साऱ्या जगास दिसले.

पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या परिषदेकडे तक्रार केली. या परिषदेस ती ऐकण्याचा अधिकारच नाही, अशी भूमिका भारताने घेतली आणि हा वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने चौदा विरुद्ध दोन मतांनी परिषदेस अधिकार असल्याचा निर्णय दिला. परंतु तोपर्यंत बांगलादेश अस्तित्वात आला होता आणि कराची–ढाका ही एका देशातील वाट उरलीच नव्हती. तंट्याच्या मूळ प्रश्नाचा निकाल कधी लागलाच नाही. १९७६ मध्ये उभय देशांनी समेट करून तो मिटविला. दाद मागण्याची जागा आहे हे त्या खटल्याने सिद्ध केले, आणि दाद वेळेवर मिळत नाही हेही सिद्ध केले.

पुढील काळात ही बंदी उभयपक्षी नित्याची होऊन बसली. २००२ च्या आरंभापासून दोन वर्षे उभय देशांची विमाने एकमेकांच्या आकाशातून जात नव्हती. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते पूर्ववत खुले झाले १६ जुलैला. त्या काळात दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या भारतीय विमानास इंधनासाठी दोहा येथे उतरावे लागे. एकट्या एअर इंडियास २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. एअर इंडिया तेव्हा सरकारी मालकीची होती. म्हणजे तो तोटा करदात्यांचाच होता. पाकिस्तानचेही मार्गशुल्काचे उत्पन्न त्या काळात बुडाले.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यानंतरच्या घटनाक्रमात २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांस आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांस आकाश बंद केले; या बंद्यांना पुढे महिन्यामहिन्याने मुदतवाढ मिळत गेली. दिल्लीहून अमेरिकेस जाणारी विमाने व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबू लागली. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा स्थगित केली, तेव्हा दिलेल्या कारणांत ही बंदी एक होती. परंतु सर्वांत बोलके उदाहरण ताश्कंदचे आहे. दिल्लीपासून ताश्कंद सुमारे १,६०० किलोमीटर. म्हणजे दिल्लीस चेन्नईपेक्षा ताश्कंद जवळ. पाकिस्तानवरून जाता येईना तेव्हा भारतीय कंपनीच्या लहान विमानांना वळसा घालून तेथे पोहोचणे अशक्य झाले आणि दिल्ली–ताश्कंद सेवा एप्रिलअखेर स्थगित करावी लागली. भारत आणि पाकिस्तान यांच्यात १० जानेवारी १९६६ रोजी ज्या शहरात शांततेचा करार झाला आणि ज्या करारानंतर दोन्ही देशांची विमाने पुन्हा एकमेकांवरून उडू लागली, ते हेच ताश्कंद.

मुंबईला तर या प्रश्नाची एक जुनी आठवण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या पिशव्या घेऊन छोटे विमान उडविले, ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर. भारतीय विमानवाहतुकीचा पाया ज्या वाटेवर घातला गेला ती वाट ही. मुंबईहून कराची ९०० किलोमीटरच्या आत आहे, दिल्लीपेक्षाही जवळ. आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. नातलगांस भेटण्यासाठी दुबईमार्गे जाणाऱ्या माणसास तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा फेरा पडतो. १९३२ मध्ये एका इंजिनाच्या विमानाने जे साधले, ते आजच्या महाकाय विमानांना साधत नाही.

बंदीचे दोन प्रकार

मग कोणत्याही राष्ट्राने आपले आकाश कधीच बंद करू नये काय? असे म्हणणे अविचाराचे ठरेल. गेल्या काही वर्षांतील भीषण दुर्घटना पाहिल्या तर उलट असे दिसते की, आकाश जेथे बंद करावयास हवे होते तेथे ते खुले राहिले. १७ जुलै २०१४ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेले मलेशियाचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. तेथे युद्ध चालू होते. युक्रेनने ३२ हजार फुटांखालील आकाश बंद केले होते. विमान ३३ हजार फुटांवर होते. संपूर्ण आकाश बंद करण्यास पुरेसे कारण होते, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या चौकशी मंडळाने काढला. ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अमेरिकन तळांवर क्षेपणास्त्रे सोडल्यावर काही तासांतच तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले; १७६ जण मरण पावले. तेहरानचा विमानतळ त्या रात्री चालूच होता.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. धोका आहे म्हणून आकाश बंद करणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे. शिक्षा म्हणून आकाश बंद करणे ही निराळी गोष्ट आहे. पहिली बंदी सर्वांना सारखी लागते, कारण क्षेपणास्त्र विमानाचे राष्ट्रीयत्व विचारीत नाही. दुसरी बंदी राष्ट्रीयत्व विचारूनच लागते. शिकागो करारनाम्याच्या नवव्या कलमाचा आशयही हाच आहे: लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी राष्ट्रास आपल्या आकाशावर निर्बंध घालता येतात, पण ते घालताना राष्ट्राराष्ट्रांत भेद करता येत नाही. एका देशाच्या विमानास धोका आणि दुसऱ्या देशाच्या विमानास त्याच वाटेवर, त्याच दिवशी, त्याच उंचीवर निर्धोकता, असे असू शकत नाही. जेथे असे सांगितले जाते, तेथे सुरक्षिततेचा शब्द केवळ पांघरुणासारखा वापरला जात आहे असे समजावे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, आक्रमण करणाऱ्या अथवा दहशतवादास आश्रय देणाऱ्या राष्ट्राविरुद्ध शस्त्र उचलण्यापेक्षा त्याची विमाने अडविणे हा सौम्य उपाय नव्हे काय? आहे, निरपराध माणसे मारली गेल्यानंतर जनतेच्या मनात उसळलेला क्षोभ खोटा नसतो आणि सरकारांस काही करून दाखवावे लागते. परंतु येथेही एक सीमारेषा आखता येते. आपल्या भूमीवर उतरू न देणे, आपल्याशी व्यापार न करू देणे हा दोन राष्ट्रांमधला व्यवहार झाला. तो तोडण्याचा हक्क निर्विवाद आहे. वरून जाऊ न देणे म्हणजे मात्र त्या राष्ट्राच्या विमानात बसून तिसऱ्या देशास निघालेल्या माणसाची वाट अडविणे. त्याचा या भांडणाशी संबंध नसतो आणि बहुधा तो भांडण मिटवूही शकत नसतो. दिल्लीहून ताश्कंदला शिकावयास जाणारा विद्यार्थी, हेलसिंकीहून टोकियोस निघालेला व्यापारी यांना झालेल्या विलंबाने कोणत्या सरकारचे धोरण बदलले? २०१९ च्या साडेचार महिन्यांनंतर उभय बाजूंनी तोटा मोजला, एवढेच त्याचे फलित दिसते.

दुसरा आक्षेप असा की, वरून जाणारे विमान निरुपद्रवीच असते असे नाही. हे खरे आहे. १९७१ मध्ये श्रीलंकेला वळसा घालून ढाक्याला जाणाऱ्या पाकिस्तानी विमानांतून साध्या वेषातील सैनिकही नेले जात होते आणि पुढे तेथे काय घडले, हे जग जाणते. म्हणूनच वहिवाटीचा हक्क हा निरपवाद असू शकत नाही. बांधावरून बैलगाडी नेण्याचा हक्क म्हणजे हत्यारबंद टोळी नेण्याचा हक्क नव्हे. करारनाम्याच्या ८९ व्या कलमाने युद्ध आणि राष्ट्रीय आणीबाणी या प्रसंगी राष्ट्रांस मोकळीक ठेवलेलीही आहे. परंतु अपवाद सिद्ध करण्याचा भार वाट अडविणाऱ्यावर असला पाहिजे. आज हा भार कोणावरच नाही. वैमानिकांसाठी एक सूचना प्रसृत करावयाची आणि महिना संपला की तीच पुन्हा काढावयाची, एवढ्यावर जगातील दोन शहरे एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर सारता येतात.

यात सुधारणा होऊच शकत नाही, असे मात्र नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियाचे प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसांचा बळी गेला. त्यानंतर १९८४ च्या मे महिन्यात शिकागो करारनाम्यास एक नवे कलम जोडण्यात आले. उड्डाणातील प्रवासी विमानाविरुद्ध शस्त्र वापरू नये, असे ते सांगते. ते अमलात येण्यास १९९८ उजाडले आणि मधल्या काळात, ३ जुलै १९८८ रोजी, अमेरिकेच्या युद्धनौकेने इराणचे विमान पाडून २९० माणसे मारली. तरीही ते कलम वाया गेले नाही. २०१४ च्या मलेशियन विमानाबाबत आंतरराष्ट्रीय परिषदेने मे २०२५ मध्ये रशियास दोषी धरले, ते याच कलमाच्या आधारे. अकरा वर्षांनी आलेल्या निर्णयाने मेलेली माणसे परत येत नाहीत. पण चूक कोणाची होती, हे जगाच्या दप्तरात नोंदले गेले. जे शस्त्राच्या बाबतीत शक्य झाले, ते वाटेच्या बाबतीत अशक्य का मानावे?

त्यासाठी फार मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. आकाश बंद करणाऱ्या राष्ट्राने कारण लेखी द्यावे आणि ते सुरक्षिततेचे आहे की प्रतिकाराचे, हे उघड सांगावे. सुरक्षिततेचे असेल तर बंदी सर्वांना सारखी असावी. प्रतिकाराची बंदी असेल तर तिला मुदत असावी, आणि ती वाढविण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराविक दिवसांच्या आत तिची सुनावणी करावी. अशा परिषदेचा निर्णय बलाढ्य राष्ट्रे मानणार नाहीत, ही शंका रास्त आहे. तथापि कारण सांगावे लागणे हीच एक मोठी शिस्त असते. ज्या कृत्याचे कारण चारचौघांत सांगता येत नाही, ते कृत्य करताना सरकारेही थोडी थबकतात. भारताने १९७१ मध्ये परिषदेचा अधिकार नाकारला होता. पन्नास वर्षांनंतर अडविलेल्या वाटेचा जाच स्वतः सोसल्यावर आपल्या देशाने त्याच परिषदेचा अधिकार वाढविण्याची मागणी पुढे होऊन करणे शहाणपणाचे ठरेल. त्यात कमीपणा काहीच नाही.

भूगोलाच्या शिक्षकाने यापुढे वर्गात पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखविला, तर मुलांना हेलसिंकीपासून टोकियोपर्यंतचे ७,८०० किलोमीटर अचूक मोजता येतील. परंतु एखाद्या चौकस मुलाने वर्तमानपत्रात वाचून विचारलेच की, मग विमान ध्रुवाला वळसा घालून तेरा तासांनी का पोहोचते, तर त्या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या तासाला देता येणार नाही. ते नागरिकशास्त्राच्या तासाला द्यावे लागेल. आणि ते देताना दोऱ्याखाली येणाऱ्या देशांची नावे तेवढी सांगून भागणार नाही. त्या देशांच्या सरकारांनी आपापल्या मालकीचा अर्थ काय लावला, हेही सांगावे लागेल.